जयवंतीकाकींची हरकत

कुणी मंत्री वसईत यायचा असला की जयवंती राऊत यांना ते वर्तमानपत्राच्या आधी कळतं. सोनचाफ्याची फुलं काढून काकी वाडीतून घरात येतात, तर ओटीवर साध्या कपड्यांतला पोलीस बसलेला. सुधाकर त्याचं नाव. "काकी, आज घरीच ना?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

काकींचा गुन्हा काय, तर खाडीकडे भराव पडत गेला तशा गावच्या विहिरी मचूळ झाल्या, तेव्हा त्यांनी चार बायका जमवून कचेरीत जाब विचारला. तेव्हापासून त्यांच्यावर नजर. एकदा बायकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर त्यांनी लिहिलं, उद्या देवळात भेटू. काकी पोचायच्या आधी तिथे जीप उभी. आपल्यातलंच कोणी कळवतं की फोनच ऐकतात, देव जाणे. पण बायका एकमेकींकडे तिरक्या नजरेनं बघू लागल्या आणि ग्रुपवर नुसती 'शुभ सकाळ'ची फुलं उरली. काकींना चीड आली ती याची. मुलगा विघ्नेश कुरकुरायचा, आई, आता पुरे, माझ्या पासपोर्टची चौकशी अडेल. शेजारची अश्लेषा तर सुधाकरला तुमचा जावईच म्हणायची. जावयालाही इतक्यांदा चहा मिळत नाही.

यंदा वाड्यांमधून जाणाऱ्या नव्या रस्त्याची जनसुनावणी लागली, ती नेमकी संक्रांतीला. हरकत असेल त्यानं स्वतः येऊन सांगायची, मागाहून कोणी ऐकणार नाही. रस्ता काकींच्या विहिरीवरूनच जात होता, आणि आळीत गोडं पाणी उरलं होतं ते त्या एका विहिरीला. मंत्रीही येणार, म्हणजे सुधाकर सकाळीच ओटीवर.

काकी म्हणाल्या, "तुला नजरच ठेवायचीय ना? मग तिथे येऊन ठेव. मी कुठे पळून जातेय?"

त्यानं डोकं खाजवत साहेबांना फोन लावला. बऱ्याच हो-ना नंतर, तुझ्या जबाबदारीवर आण, असं उत्तर आलं.

सून अक्षदाची पहिली संक्रांत. सुनावणी उरकून परस्पर हळदीकुंकवाला जायचं म्हणून दोघी काळ्या साड्या नेसून निघाल्या, मागोमाग सुधाकर. हॉलच्या दारात महिला पोलिसानं काठी आडवी धरली. काळं कापड आत न्यायचं नाही, लोक झेंडे करून दाखवतात. काकींनी संक्रांत आहे म्हणून सांगितलं, तर ती म्हणाली, मला ठाऊक आहे, माझी पण काळीच काढून ठेवलीय घरी, पण वरून ऑर्डर आहे. तोवर मागे गावच्या बायकांची रांग लागली; डोक्यात गजरे, हातात तिळगुळाचे डबे, आणि नखशिखांत काळ्या. निषेध करायचा असं ठरवलं असतं तर इतक्या जणी जमल्या नसत्या. गोड बोला म्हणायचं, आणि बोलूच द्यायचं नाही!

काकी रिक्षानं घरी गेल्या, हाताला लागली ती पिवळी साडी गुंडाळून धापा टाकत परत आल्या. तोवर लोक बाहेर पडत होते. आत गेलेल्या पुरुषांपैकी एकानंही तोंड उघडलं नव्हतं. व्हिडिओवाला एकेकाचा चेहरा टिपत फिरत होता. कोणाचीही हरकत नाही असं जाहीर होऊन माइक उतरवलासुद्धा.

काकी पायरीवर उभ्या राहिल्या आणि सुधाकरकडे वळल्या. "माझं सगळं वर कळवतोस ना? मग हे कळव." आणि त्यांनी आत सांगायचं होतं ते सगळं त्याला सांगितलं: ती विहीर सासऱ्यांनी कशी खणली, अर्धी आळी तिच्यावर कशी पाणी भरते, ती बुजवली तर लोकांनी काय प्यायचं.

सुधाकर खालच्या आवाजात म्हणाला, "काकी, काय बोललात त्याला आमच्याकडे रकानाच नाही. कुठे होतात आणि बरोबर कोण होतं, एवढंच लिहायचं असतं."

"मग लिही," काकी म्हणाल्या, "दाराबाहेर होते. आणि बरोबर पोलीस होता."