पिवळ्या चिठ्ठ्यांचा डबा

तिकिटाच्या खिडकीतून पैशांचा हात आत आला, की आमचे काका त्यावर आपला पंजा ठेवायचे आणि विचारायचे, “कोणाकडून आले, भाऊ?” लग्नात मुलाकडचे की मुलीकडचे विचारावं, तसं.

तुमच्याही गावात असा एखादा काटेकोर माणूस असेल. आमचा बुऱ्हाणपूरच्या नाटकगृहात खिडकी सांभाळायचा. मी शाळामास्तर, नाटकांच्या दिवसांत दारात तिकिटं फाडायला उभा राहायचो. नाटक फुकट मिळायचं, आणि खरं सांगायचं तर काकांचा मला फार लोभ होता.

नवी राज्यं नुकतीच झाली होती. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो. मालक म्हणू लागले, मराठी नाटकाला आता येतंय कोण? तेव्हा काकांनीच तोड काढली. प्रत्येक मंडळाला वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या द्यायच्या. चिठ्ठी दिली की तिकिटात सवलत, आणि चिठ्ठी त्या मंडळाच्या डब्यात. तीन प्रयोगांत ज्याचा डबा जास्त भरेल, त्या मंडळाला स्वतःच्या नाटकासाठी एक संध्याकाळ नाटकगृह मोफत. इतवाऱ्यातल्या महिला मंडळाच्या चिठ्ठ्या गुलाबी, बहादरपूरच्या भजनी मंडळाच्या पिवळ्या. बहादरपूरकरांचं नाटक कधीचं बसवून तयार होतं. जागाच मिळत नव्हती.

पहिल्या दोन प्रयोगांना बैलगाड्या भरभरून बहादरपूर आलं. पिवळा डबा मात्र रिकामाच! केळीचे बागाईतदार ते; बायकामुलांदेखत सवलत मागायची म्हणजे नाक कापल्यासारखं. चिठ्ठ्या खिशात ठेवून पूर्ण पैसे द्यायचे. काकांनी आठवण करून दिली, तर मंडळाचे बुवा उखडले, “आम्ही काय भिकारी हाओत? पूरा पैसा घ्या!”

“काका, आपणच टाकू ना मूठभर पिवळ्या,” मी म्हटलं.

“मास्तर, पोरांले हेच शिकवता का?”

मी मनातून चडफडलो. डोळ्यांदेखत आलेली माणसं आलीच नाहीत, असं ठरणार होतं.

शेवटच्या प्रयोगाला काकांनी पिवळा डबा उचलून माझ्या दाराशी स्टुलावर ठेवला आणि स्वतः तिथे येऊन उभे राहिले. बुवा येताच काका म्हणाले, “सवलत नका घेऊ. पण चिठ्ठी आत न्यायची नाही. कायदा आहे.”

“कायदा आहे? मंग ठीक,” म्हणत बुवांनी चिठ्ठी डब्यात टाकली. मागच्यांनीही टाकल्या. कित्येकांच्या खिशातून आधीच्या दोन प्रयोगांच्याही निघाल्या. “आले होते ना त्या दिवशी?” असं एकेकाला विचारून काकांनी त्याही टाकू दिल्या.

मोजणीत पिवळ्या गुलाबींपेक्षा जास्त भरल्या, तेव्हा मालक कुरकुरले. सवलतच घेतली नाही, तर चिठ्ठी कशी धरायची?

काका पहिल्यांदाच त्यांच्यापुढे आवाज चढवून बोलले, “शेठ, माणसं मोजायची होती. तुम्हीच विचारत होते ना, येतं कोण?”

मालकांनी बहादरपूरला संध्याकाळ दिली.

दरम्यान काकांच्या मुलाला भुसावळला, म्हणजे राज्याच्या हद्दीपलीकडे, नोकरी लागली. बहादरपूरकरांच्या नाटकाच्या दुसऱ्याच दिवशी काकांचं बिऱ्हाड हलणार होतं. त्या संध्याकाळी बुवांनी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि पुढच्या रांगेत बसवलं.

पडदा वर गेला. बुवा राजाच्या वेषात बोलू लागले. मी दारातून पाहिलं, तर काका कडेला जाऊन रंगमंचाकडे पाठ करून उभे. भरलेल्या रांगांवरून त्यांची नजर सावकाश फिरत होती.

मी जवळ जाऊन कुजबुजलो, “काका, नाटक तिकडे आहे.”

“नाटक भुसावळलेही दिसेल, मास्तर,” ते म्हणाले. “ही माणसं कुठं दिसतील?”