शनिवारची सही

माझ्या बहिणीचा नवरा आन्शेल राज्याच्या विधानसभेवर निवडून आला, तेव्हा आमच्या लॉकरिज गावात बँड वाजला आणि मी आधी घराच्या दाराला कडी लावली. जर्मनीत, आमच्या बव्हेरियात, जमावानं आम्हा ज्यूंच्या दुकानाची दारं फोडली होती. वडिलांचा गुन्हा एवढाच, की ते चारचौघांत उठून दिसले. अमेरिकेत आलो तरी ती भीती काही माझी पाठ सोडेना.

आन्शेलला भीती ठाऊकच नव्हती. पाठीवर गाठोडं टाकून सुया-फिती विकत त्यानं सगळी खेडी पालथी घातली होती. पुढे आम्ही दोघांनी कापडाचं दुकान काढलं. शनिवारी, आमच्या शब्बाथला, म्हणजे देवानं नेमलेल्या विसाव्याच्या दिवशी, दुकान बंद म्हणजे बंद. त्या दिवशी लेखणीसुद्धा उचलायची नाही. शेतकरी म्हणत, "हा गडी देवाला फसवत नाही, आपल्याला काय फसवणार?" त्याच विश्वासावर त्याला मतं पडली.

शपथेचा दिवस नेमका शनिवारी आला. आन्शेलनं हात वर करून शपथ घेतली, पण वहीत सही करायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "दिवस मावळू द्या, मग करतो."

"गाठोडेवाल्याचे नखरे बघा!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. अध्यक्षांनी बजावलं, सभा उठेपर्यंत सही झाली नाही तर जागा गेली.

जेवणाच्या सुट्टीत मी प्रेक्षकांच्या सज्जातून खाली उतरून त्याला गाठलं. "भावजी, करून टाका ना सही! सभा लवकर उठवली तर? हे लोक टपलेत."

"फाइवेल, आधी दोन घास खा. तोंड बघ कसं पांढरं पडलंय," तो हसला आणि गेला.

सभागृह रिकामं होतं, वही उघडी होती. दुकानातल्या चिठ्ठ्या त्याच्या नावानं मीच लिहायचो, त्याची सही माझ्या हातात बसलेली. शब्बाथ, खोटी सही, तुरुंग, सगळं कळत होतं. पण कानात दारं फुटत होती. मी सही ठोकली. संध्याकाळी त्याला हळूच सांगू, असा विचार केला. ती संधीच मिळाली नाही.

आकाशात तीन तारे दिसले, शब्बाथ संपला, तसा आन्शेल उठला. कारकुनानं दिवा वहीवर धरला. "अहो, तुमची सही तर झालीय! दुपारीच गुपचूप उरकलीत होय?"

सगळे वाकून बघू लागले. आन्शेलनं पानाकडे पाहिलं, मग वर सज्जात माझ्याकडे. खरं बोलला असता तर मला बेड्या. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणीही मला काळजी होती ती माझीच.

"माझीच आहे," तो म्हणाला. "भ्यालो मी."

काय हसले लोक! जागा मात्र राहिली.

गावात प्रार्थनेला आमचे जेमतेम दहा पुरुष जमतात. शब्बाथला लेखणी उचलणारा म्हणून त्यांनी आन्शेलला पोथी वाचायला बोलावणं बंद केलं आणि त्याची पाळी मला दिली. मी वाचतो. तो मागच्या बाकावर बसून ऐकतो. खरं सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.