कात्री आत राहिली

शिवणवाल्या मावशींचा चिकटपट्टीवर काडीचा विश्वास नव्हता. "ती आज चिकटते, उद्या सुटते. टाका घातला की घातला." म्हणून घर बदलायचं ठरल्यावर त्यांनी सगळं सामान जुन्या चादरींत बांधलं आणि प्रत्येक गाठोड्याचं तोंड दुहेरी पांढऱ्या दोऱ्याने शिवून टाकलं. भांडी शिवली, उशा शिवल्या, चपलासुद्धा शिवल्या.

मदतीला कुणी नको म्हणाल्या, त्यालाही कारण होतं. त्यांचा मुलगा आधी घसा खाकरतो, मग "म्हणजे काय आहे ना आई" म्हणतो, आणि त्यापुढे कधी चांगलं काही येत नाही. या खेपेला आलं ते असं: "म्हणजे काय आहे ना आई, तुझं हल्ली लक्ष राहत नाही. परवा एका झग्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्यास. मशीन न्यायचं की देऊन टाकायचं, ते बघू. आवराआवर नीट झाली, तर बघू."

त्या 'बघू'वर मावशी आठ दिवस राबल्या.

आज सकाळी आठला मुलाने नव्या घराची एकुलती एक किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि तो टेम्पो आणायला गेला. साडेदहाला मावशींनी कमरेची पिशवी चाचपली. किल्ली नव्हती. हरवू नये म्हणून आपण ती कुठेतरी नीट ठेवली, एवढं पक्कं आठवत होतं. कुठे, ते नाही.

गाठोडी उसवायला कात्री हवी. कात्रीही कुठल्यातरी गाठोड्यातच. मग मावशींनी दात लावले.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू निरोप द्यायला आल्या.

"अगं, चादर काय खातेयस?"

"दोरा तोडतेय."

"आणि कात्री?"

"आत."

"कशाच्या आत?"

"तेच शोधतेय. आणि हळू बोल."

काकूंनी वरून भाजीची सुरी आणली. पाचव्या गाठोड्यात कात्री मिळाली. अकरा गाठोडी उसवून झाली, चपलेत डाव आणि उशीत किसणी निघाली, किल्ली काही निघेना.

टेम्पोवाला दारात आला. त्याला काहीही दाखवा, तो म्हणणार, "होऊन जाईल." पसारा पाहून तेच म्हणाला, आणि खोळ घातलेलं मशीन भिंतीकडे सरकवू लागला. "हे इथेच ठेवायचं ना? साहेब म्हणाले, पक्कं नाही."

मशीन कलंडलं तशी खोळीची खालची कड दिसली. तिथे लाल टाके होते. मावशींनी वाकून त्यांवर बोट फिरवलं; आत काहीतरी कडक लागलं.

मुलगा मागोमाग आत आला. उसवलेल्या गाठोड्यांवरून त्याची नजर फिरली. त्याने घसा खाकरला. "किल्ली दे."

"खोळीत शिवलीय."

"मशीनच्या? का?"

"म्हणजे मशीन नेल्याशिवाय तुला दार उघडता येणार नाही."

काकूंनी तोंडावर हात धरला. मुलगाही हसला. "एवढा बेत केलास, मग हा पसारा कशाला? शिवलीस कधी?"

मावशींनी लाल टाक्यांकडे पाहिलं. टाके त्यांचेच होते, बारीक आणि सरळ.

"काल," त्या म्हणाल्या.

मुलाचं हसू थांबलं. किल्ली त्याने आज सकाळीच दिली होती. त्याने पुन्हा घसा खाकरला.

"होऊन जाईल," म्हणत टेम्पोवाल्याने मशीनला हात घातला.

"राहू द्या," मुलगा म्हणाला. "ते मी उचलतो."