बारा संगणक मुके झाले तेव्हा

शरणबसवला काचबिंदूनं गाठलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. वर्षभरात दोन्ही डोळे गेले. पुढं पुण्यात तो संगणक शिकला. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज त्या संगणकात होता, पण तो 'केळी'ला 'केली' म्हणायचा. शरणबसवला ते सहन होईना. संगणक ज्या प्रणालीवर चालायचा ती खुली होती, तिचा कोड कुणीही उघडून दुरुस्त करावा अशी. जगभर विखुरलेली माणसं तिचा एकेक तुकडा सांभाळायची, आणि ते तुकडे जोडून दुसरंच कुणी पूर्ण प्रणाली तयार करायचं. आवाजाचा तुकडा सांभाळणाऱ्या परदेशी माणसाला त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं, आणि मग अकरा वर्षं तो बिनपगारी मराठीचे उच्चार सुधारत राहिला.

पोटासाठी तो सोलापुरातल्या अंधांच्या एका प्रशिक्षण केंद्रात शिकवायचा. बारा संगणक होते, बाराही त्याच प्रणालीवर चालणारे. कुंभारीहून बसनं येणारी रेश्मा त्याची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. सव्वीस वर्षांची, जन्मांध, घरी आईबरोबर विड्या वळणारी. टंकलेखनाच्या परीक्षेला बसणारी केंद्रातली ती पहिलीच.

परीक्षेला दोन महिने उरले असताना संगणकांची देखभाल करणाऱ्या ठेकेदारानं सगळ्या संगणकांवर प्रणालीची नवी आवृत्ती टाकली. सोमवारी वर्ग भरला. बटणं टकटकली, पण एकही संगणक बोलेना.

"सर, माझाच बंद हाय का सगळ्यांचा?" रेश्मानं विचारलं.

"सगळ्यांचा," तो म्हणाला.

पडद्यावर खिडक्या दाखवणारा तुकडा नव्या आवृत्तीत बदलला होता, आणि कुठलं बटण दाबलं हे तो आवाजाला कळवतच नव्हता. जुनी आवृत्ती परत टाका म्हणून शरणबसव ठेकेदाराच्या मागं लागला. तिला सुरक्षेचे अपडेट बंद झालेत, टाकता येणार नाही, एवढंच उत्तर मिळालं. मग त्यानं त्या तुकड्याच्या मूळ प्रकल्पाला कळवलं. तिकडून लिहून आलं, 'तुमची तक्रार खरी आहे. हा भाग बघणाऱ्या बाई गेल्या वर्षी सोडून गेल्या. आता कुणीच नाही.'

तेव्हा तो स्वतःच बसला. जुनी आवृत्ती असलेल्या घरच्या लॅपटॉपवर कोड ऐकायचा आणि नवी आवृत्ती टाकून मुक्या झालेल्या घरच्याच दुसऱ्या संगणकावर करून बघायचा. तिथं काय चूक उमटली हे बायको दाक्षायणी सांगायची. ती कानडी शाळेत शिकलेली, इंग्रजी शब्द तिला जुळायचे नाहीत, म्हणून एकेक अक्षर वाचायची. दुपारच्या दुपार असं चाले. "अहो, साकु, पुरे आता, डोळे चुरचुरायला लागले," म्हणायची आणि पाणी मारून पुन्हा येऊन बसायची.

सहा आठवड्यांनी चूक सापडली. मूळ प्रकल्पानं दुरुस्ती स्वीकारली, आभारही मानले. पण प्रणाली तयार करणाऱ्यांनी कळवलं, हे पुढच्या आवृत्तीत येईल, ऑक्टोबरात. परीक्षा एप्रिलमध्ये होती.

"मॅडम, माझ्या हातानं टाकतो की. तासाभराचं काम आहे," तो केंद्रप्रमुख पूनम मॅडमना म्हणाला.

"पासवर्ड ठेकेदाराकडे आहे, शरणबसव. परस्पर काही करायचं नाही असं केंद्र चालवणाऱ्या मंडळानं लेखी दिलंय," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि पडून राहिलेले संगणक इथून हलवायचं ठरलंय. मी बोलून पाहिलं."

एप्रिल गेला, रेश्माची परीक्षा हुकली. मे महिन्यात संगणक टेम्पोत चढले. त्या खोलीत खुर्च्यांच्या वेताच्या विणकामाचा वर्ग सुरू झाला, आणि शरणबसवला फोन घ्यायला बसवलं.

ऑक्टोबरात नवी आवृत्ती आली. त्यानं ती घरच्या संगणकावर चढवली आणि वेगळी दुरुस्ती न टाकताच तो स्वच्छ बोलायला लागला. शरणबसवनं लगेच रेश्माला फोन लावला.

"सर, आता कुटं येऊ?" ती म्हणाली. "वर्गात तर खुर्च्या इणत्यात म्हणं. आन् बोटं आता विडीच्या पानावर बसलीत. लई उशीर झाला की."

"घरी ये. मी शिकवतो."

"आई न्हाय सोडायची," असं म्हणून तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिनं त्याचा फोन उचलला नाही.

त्याच आठवड्यात मूळ प्रकल्पाचं पत्र आलं. हा भाग तुम्हीच सांभाळाल का, दुसरं कुणी नाही, असं त्यात होतं. आठ दिवस त्यानं उत्तर दिलं नाही.

"काय ठरवलंत?" दाक्षायणीनं विचारलं.

"नाही म्हटलं तर कुठं तरी पुन्हा असंच होईल," तो म्हणाला आणि होकार लिहून पाठवला. त्याचा आनंद त्याला झाला नाही, तिलाही नाही.