आयनांबरवाल्यांची सोयरीक

आमच्या नाशिकच्या कॉलेजातल्या फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये चहा गार होतो तो किश्श्यांमुळे. एक जण सुरू करतो, दुसरा आपला जोडतो, तोवर प्रॅक्टिकलची बेल होते.

काम तसं गंभीर. सूर्याकडून आलेला वारा पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळला की तिथं विद्युतक्षेत्र तयार होतं. ते चुंबकीय रेषांवरून ध्रुवांजवळच्या आयनांबरात, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थरात, उतरतं आणि जवळजवळ त्याच क्षणी आपल्या डोक्यावरही जाणवतं. ते टिपायला आम्ही सुरगाण्यात मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातले बारीक बदल मोजणारं यंत्र, पुरलं.

*

खड्डा खणताना शेजारच्या आजी येऊन बसल्या. आमच्या हेड वैशाली मॅडम समजावू लागल्या, "आजी, वर आभाळात वीज वाहते. ती हलली की ह्या यंत्राला कळतं."

"आन् आमच्या खांबावरची गेली तर?"

"ते नाही कळत."

"मंग आनखी एक पुरा."

*

माझा मित्र आरिफ याच यंत्रावर पीएच.डी. करतो. रोज दुपारी आलेख उडी मारतोय, हे पाहून त्याला शोध लागल्यासारखं वाटलं. पेढे आणि मॅडमना घेऊन आम्ही सुरगाणा गाठलं. बघतो तर खड्ड्याला खेटून, आंब्याच्या सावलीत, जीप उभी. एवढं लोखंड शेजारी आल्यावर आलेख उडणारच. आत झोपलेला ड्रायव्हर दचकून उठला.

"काही हरवलं का, मॅडम?"

"नाही, सापडलं," मॅडम म्हणाल्या. "पेढा घ्या."

*

आरिफ मुलगी बघायला येवल्याला गेला. मुलीचे वडील पैठणी विणणारे. "तुम्ही करता काय?" त्यांनी विचारलं.

आरिफनं मागाकडे बोट दाखवलं. "असेच धागे पृथ्वीभोवती आहेत समजा. वर ओढ बसली की खाली हलतं."

"आणि तुटले तर?"

"तुटतात, पुन्हा जुळतात."

त्यांनी बेगमकडे पाहिलं. "पीएच.डी. नाही जमली तरी मागावर बसवता येईल."

लग्न ठरलं.

*

आरिफच्या प्रबंधाला एक दणकट सौरवादळ हवं होतं आणि सूर्य महिनोन्‌महिने गप्प. ते आलं निकाहच्या दिवशी, भर दुपारी. जेवणाच्या पंगतीतून उठून मॅडम थेट स्टेजवर गेल्या आणि फोन आरिफसमोर धरला. ध्रुवाजवळच्या केंद्राचा आलेख आणि आमचा सुरगाण्याचा, दोन्ही एकाच वेळी उसळले होते. आरिफचे डोळे भरून आले. पाहुण्यांना वाटलं, घरात काही वाईट घडलं.

फोटोग्राफर ओरडत होता, "नवरदेव, इकडं बघा."

नवरीनं, शबानानं, फोन हातात घेतला, दोन्ही रेषा नीट पाहिल्या आणि तो फोटोग्राफरसमोर धरला.

"आधी ह्याचा काढा. आम्ही दोघं कुठं जात नाही."