स्वखुशीने

कोहिनूरचा विषय निघाला की माझं डोकं फिरायचं. सगळी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली, आणि त्या धड्याला आवाज हमखास चढायचा. मुघल, इराणी, अफगाण, शीख असा फिरत फिरत आलेला हिरा इंग्रजांनी दहा वर्षांच्या राजाकडून लिहून घेतला. आधी त्याच्या आईला दूर कैदेत टाकलं, मग पोराची सही घेतली. म्हणे करार!

लालबागची आमची चाळ पाडून टॉवर व्हायचा होता. खोली वडिलांच्या नावावर. वारस दोघं, मी आणि घोडपदेवला दिलेली धाकटी बहीण. खोली माझ्या एकट्याच्या नावावर करायची तर तिचं हक्कसोडपत्र हवं होतं. बहिणी सही करतात, अशी आमच्याकडची पद्धत. तिला आधी विचारावं हे माझ्या मनातही आलं नाही. आईचं शेवटचं आजारपण याच खोलीत राहून तिने काढलं होतं, तेही त्या दिवशी आठवलं नाही. वकिलाकडून कागद टाइप करून आणला आणि तिला जेवायला बोलावलं. बायकोने मुद्दाम बांगड्याचं तिखलं केलं.

जेवताना टीव्हीवर लंडनचा तो मुकुट दाखवला. झालं, मी सुरू. "चोर साले! हिरा आपला, आणि आपणच तिकीट काढून बघायचा!"

बहीण बांगड्याचे काटे काढत होती. हात धुऊन तिने चष्मा लावला आणि कागद घेतला. वाचणाऱ्या बायकांचं मला कौतुक आहे, फक्त सहीच्या वेळी नाही. ती मोठ्याने वाचू लागली, "स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय..." आणि थांबली. मी केव्हापासून पेन पुढे धरून बसलो होतो.

"त्या पोराच्या कागदावर पण असंच लिहिलं होतं काय रे, दादा?"

तिने सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि हसून म्हणाली, "टॉवर झाला की बघायला येईन हां. तिकीट नको लावू."

लाज वाटली. खरंच वाटली. पण कागद मी फाडला नाही, नीट फाइलला लावला.

आता आम्ही बाविसाव्या मजल्यावर राहतो. बहीण अजून आलेली नाही. परवा नातीने विचारलं, "आजोबा, इंग्रज आपला कोहिनूर परत का नाही देत?"

मी म्हटलं, "अगं, त्यांच्याकडे कागद आहे."