सहावी कवडी

नरहर गेल्याची बातमी गफूर घेऊन आला. मी ओट्यावर बसून दाढी करत होतो. गफूर उन्हाचा कधी माझ्याकडे येत नाही, आणि आलाच तर हातात शिवून आणलेलं काहीतरी असतं. त्या दिवशी हात रिकामे होते. "विश्वनाथ, नरहर गया. सुबह गया. आज जुम्मा है, देख," तो म्हणाला. मी आरशावरून नजर न काढता म्हणालो, "बरं झालं," आणि राहिलेली अर्धी दाढी पुरी केली. याला आता महिना होऊन गेला. तुमच्याच गल्लीतले होते, चार ओळी लिहून द्या, असं पुरवणीच्या संपादकांनी कळवलं. चार ओळींत मावेल एवढा माझा राग नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे. ज्यांना गोड हवं असेल त्यांनी इथंच थांबावं.

आम्ही तिघंही जालन्यात बाहेरून आलेले, निजामाच्या राज्यात पोटापाण्याला लागलेले. मी केदारखेड्याचा, शाळेत हिशेब शिकवायचो. गफूर पिंपळगाव रेणुकाईचा, सदर बाजारात त्याचं शिलाईचं दुकान. नरहर घनसावंगीचा, तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. पण चालणं असं की मोहोर आणि शिक्का याच्याच खिशात आहे. स्टेशनाजवळच्या मैदानावर रेल्वेची माणसं क्रिकेट खेळत. त्यांच्या पाटलोणी गफूर शिवायचा, त्यामुळे खेळाचे कायदे आम्हाला त्याच्याकडून कळले. आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहून बघायचो. मला तर बघण्यापलीकडे काही करताच येत नव्हतं. लहानपणी तापात माझा उजवा पाय वाळला, तेव्हापासून मी लंगडतो. हे मी स्वतः होऊन कुणाला सांगत नाही. इथं सांगावं लागतंय तेही नरहरमुळेच.

त्या काळी कचेरीला आणि शाळेला सुट्टी जुम्म्याची. दर शुक्रवारी दुपारी गफूरच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही सतरंजी टाकायचो आणि सहा कवड्या घेऊन क्रिकेट खेळायचो. जितक्या कवड्या उताण्या पडतील तितक्या धावा. सगळ्या पालथ्या पडल्या की गडी बाद. तिघांच्या तीन गावांचे तीन संघ. केदारखेड्यात तेव्हा कुणी क्रिकेटचा चेंडू पाहिलेला नव्हता, पण आमच्या वहीत केदारखेड्याचे अकरा गडी होते, त्यांची नावं होती, कोण कितव्या नंबरला येतो हे ठरलेलं होतं, आणि कप्तान होता विश्वनाथ. म्हणजे मीच. बाकीच्या दोघांनीही आपापल्या संघात स्वतःला घातलं होतं. माझा विश्वनाथ पहिल्या नंबरला यायचा आणि तीन-तीन धावा पळून काढायचा. कागदावर माझे दोन्ही पाय सारखे होते... शुक्रवारची मी आठवडाभर वाट बघायचो, ती एवढ्याचसाठी.

हे सुख नरहरच्या डोळ्यात खुपलं, असं मी तेव्हाही म्हणत होतो. त्याला साधा खेळ खेळताच येत नसे. एक दिवस एक कवडी वहीला टेकून तिरपी उभी राहिली. मी ती उताणी धरली. नरहरनं उजव्या हाताचं बोट वर केलं आणि म्हणाला, "हरकत! ती कवडी उताणी न्हाई." पुढच्या जुम्म्याला तो चक्क कागद लिहून घेऊन आला. वर कचेरीचा मायना, खाली दरख्वास्त: तिरपी कवडी पालथीच धरण्यात यावी, सबब कायद्यात तरमीम मंजूर व्हावी. तरमीम म्हणजे दुरुस्ती. आता तरमीम आली म्हणजे मतं आली. गफूरच्या टोपीत प्रत्येकानं एक चिंचोका टाकायचा, अख्खा म्हणजे मंजूर आणि फोडलेला म्हणजे नामंजूर. टोपी उलटी केली तर दोन अख्खे निघाले. मी गफूरकडे बघितलं, तर तो म्हणाला, "इत्ता खूबसूरत लिखा है यार, नामंजूर कैसे करूँ?" पुढं कैक वर्षं नरहर अक्षराच्या जोरावर गफूरचं मत खात राहिला.

मग तरमिमांचा सपाटाच लागला. जालन्यात खरोखर पाऊस पडला तर आमचा सामनाही थांबवायचा, ही एक. मी जिंकायला नऊ धावा हव्या असताना पत्र्यावर चार थेंब वाजले आणि सामना बरोबरीत सुटला. सगळ्यात नालायक तरमीम सुगीची. सुगीच्या दिवसांत कास्तकार खेळाडू मैदानावर येणार नाहीत! माझ्या केदारखेड्याच्या संघात अकरापैकी नऊ कास्तकार, कारण गावच तसं. नरहरनं घनसावंगीच्या संघात आधीच तलाठी, दुकानदार आणि पुजारी भरून ठेवले होते. मी ओरडलो, "अरे, कागदावरची माणसं ती! त्यांना कसली सुगी?" तर शांतपणे म्हणतो, "मास्तर, जसं खरं तसंच खेळात पायजे. जवारी उभी टाकून तुमचा गडी बॅट घेऊन येऊन राह्यला, तर घरचे त्याला भाकर देतील का?" गफूर हसून हसून लोळला आणि अख्खा चिंचोका टाकून मोकळा झाला. त्या सुगीत मी दोन गड्यांचा संघ घेऊन खेळलो आणि सगळे सामने हरलो.

रागावूनही मी जात राहिलो. मला नरहरचं तोंड बघवत नसे, त्याचं ते प्रत्येक वाक्याला "मास्तर, मास्तर" करणं, पानाची पिंक टाकून आल्यावरच बोलायचं, बोलण्याआधी घसा खाकरायचा... पण विश्वनाथला पळताना बघायचं तर दुसरी जागा नव्हती. आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

राज्य जायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. उन्हाळा होता. नरहरनं कागद काढला आणि वाचायला गफूरकडे दिला. दफा एक, म्हणजे पहिलं कलम: ज्या खेळाडूचं नाव मजलिशीतल्या मेंबराचं, म्हणजे आम्हा तिघांपैकी कुणाचं असेल, तो खेळाडू मैदानावर त्या मेंबरासारखाच धरला जावा, सबब केदारखेड्याचा विश्वनाथ एकाहून जास्त धाव पळण्यास काबिल नाही. गफूर वाचता वाचता थांबला. मी म्हणालो, "पुढं वाच." गफूर म्हणाला, "रहने दे ना." मी म्हणालो, "वाच." दफा दोन: विश्वनाथच्या बदल्यात पळण्यास घनसावंगीचा नरहर हाजिर राहील; त्या रोजी तो आपल्या संघाकडून खेळणार नाही, आणि त्यानं पळून काढलेल्या धावा विश्वनाथच्याच नावे लिहाव्यात.

लोकांना वाटतं मी पहिल्या दफेनं चिडलो. पहिली दफा मी गिळलीही असती, आयुष्यभर तेच गिळत आलो होतो. दुसरीनं माझं डोकं फिरलं. जगात एवढ्या एका वहीत मला कुणाची गरज पडत नव्हती, आणि तिथंही हा माझ्यासाठी पळायला निघाला होता! मी म्हणालो, "माझ्यासाठी पळणारा तू कोण?" तो म्हणाला, "मास्तर, कायद्यानं लंगड्या गड्याला पळायला माणूस भेटतो. तुमचा हक हाये तो. मी खास वाचून आल्तो." मी कवड्या उचलल्या आणि त्याच्या तोंडावर फेकल्या. कागद फाडायला गेलो तर गफूरनं तो धरून ठेवला. मी निघालो. नरहर मागून म्हणाला, "मास्तर, मत तर टाकून जा." त्या वेळीही त्याला मतच सुचलं!

घरी येऊन सदरा काढला तेव्हा खिशातून एक कवडी पडली. फेकताना हातातून निसटून खिशात गेली असावी. तीन-चार दिवसांनी गफूर आला आणि म्हणाला, "एक कवडी कम है, तेरे पास है क्या?" मी म्हणालो, "न्हाई." तो म्हणाला, "नरहर ने पुछ्या है." मी म्हणालो, "मग तर बिलकुल न्हाई." गफूर सगळं समजला आणि गेला. त्याच्या खोलीत सतरंजी पुन्हा पडली नाही. त्यानंतर बत्तीस वर्षं आम्ही एकाच गल्लीत राहिलो, नरहर आणि मी, सहा घरांच्या अंतरावर. राज्य गेलं, कचेरीची उर्दू गेली, सुट्टी रविवारची झाली. तो समोरून आला की मी बाजू बदलायचो. लंगड्या माणसाला रस्ता ओलांडायला वेळ लागतो, आणि तो तेवढा वेळ तिथंच उभा राहायचा. त्याचाही मला संतापच यायचा. कवडी माझ्या टेबलाच्या खणात होती. मी ती परत केली नाही, टाकूनही दिली नाही.

तेराव्याला मी गेलो नाही. मग नरहरची बायको, राधावहिनी, स्वतःच माझ्या दारात आल्या. हातात लाल फडक्यात बांधलेला बस्ता, कचेरीत कागद बांधतात तसा. म्हणाल्या, "भाऊजी, हे तुमच्यासाठी ठेवून गेले. म्हणले होते, आपून होऊन देऊ नको, मास्तरांनी मागितलं तरच दे." मी म्हणालो, "मी कुठं मागितलंय?" वहिनींनी बस्ता ओट्यावर ठेवला. "न्हाई मागितलं. पण मी देऊन राह्यले. त्यांचे कायदे त्यांच्यासंगं गेले." जाताना त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

बस्त्यात सात वह्या होत्या आणि एका पिशवीत पाच कवड्या. मी वह्या उघडल्या आणि... खरं सांगतो, आधी मला काही समजेचना. तो खेळत राहिला होता. एकटा. दर जुम्म्याला, रविवारची सुट्टी झाल्यावरसुद्धा जुम्म्यालाच, दोन्ही बाजूंच्या कवड्या स्वतः टाकून. प्रत्येक सामन्याच्या वर एकच ओळ: हाजिर, नरहर. गैरहाजिर, मास्तर व गफूर. आणि प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर: मास्तरांच्या पायाची दरख्वास्त जेरे-गौर. म्हणजे विचाराधीन. मत पडलं नव्हतं, म्हणून तरमीम लागू नव्हती, म्हणून बत्तीस वर्षं त्याच्या वहीत केदारखेड्याचा विश्वनाथ स्वतःच्या पायांनी पळत होता. दोन. तीन. तीन. एक. मी हिशेबाचा मास्तर. तीन दिवस बसून सगळ्या बेरजा तपासल्या. कुठंतरी यानं मला लुबाडलं असणार, अशी माझी खात्री होती. एक चूक सापडली नाही. मला शून्यावर बाद केलेलं मात्र ठिकठिकाणी सापडलं, आणि प्रत्येक वेळी मी त्याला शिवी दिली.

आणखी एक गोष्ट नजरेत आली. सातही वह्यांत एकही षटकार नव्हता. पाच कवड्यांवर सहा पडणार कुठून? बाजारात तेव्हा कवड्यांचा काय तुटवडा होता? पण आमचा पहिलाच कायदा होता, सहा कवड्या याच, बदलायच्या तर तिघांच्या मतानं. त्यानं नवी आणली नाही. खणातली कवडी मी द्वेषापायी अडवून ठेवली होती, हे लिहिताना मला लाज वाटते. ती मी त्याच्या दारात टाकली असती तर त्याला बत्तीस वर्षांत निदान एक षटकार बघायला मिळाला असता. त्यानं स्वतः येऊन मागायला हवी होती, असं मी अजूनही म्हणतो. पण तो आला असता तरी मी दिली नसती, हेही खरंय.

शेवटचा सामना अर्धाच होता. केदारखेडा खेळतंय, विश्वनाथ एकेचाळीस, नाबाद. गेल्या जुम्म्याला मी गफूरला बोलावलं. गफूरला आता नीट दिसत नाही, सुईत दोरा सून ओवून देते. आम्ही सतरंजी टाकली. आधी मी त्या जुन्या दरख्वास्तीवर "नामंजूर" लिहायला लेखणी उचलली, आणि तशीच खाली ठेवली. राहू द्या जेरे-गौर. मग खणातली कवडी पिशवीतल्या पाचांत मिसळली आणि टाकली. पाच उताण्या पडल्या. सहावी घरंगळत गेली आणि वहीच्या कडेला टेकून तिरपी उभी राहिली.

मी मोठ्यानं म्हणालो, "सहा!" गफूरनं वाकून सतरंजीवरून हात फिरवला आणि तिरपी कवडी चाचपली. मी पुन्हा म्हणालो, "सहा म्हणतोय मी. गफूर, हरकत घे." तो म्हणाला, "मैं कायको लेऊँ? वो नरहर का काम था." खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मी थोडा वेळ वाट बघितली, कुणी घसा खाकरेना. मग माझंच उजव्या हाताचं बोट वर गेलं. "हरकत," मी म्हणालो, आणि वहीत पाच लिहिले. मेला तरी त्यानं माझी एक धाव खाल्लीच.